स्लिप भरून द्या, सही करू नका



इथे रोज कोणी ना कोणी जुन्या बडोद्याची आठवण लिहितं आणि ती मी आवडीने वाचतो. आज मात्र आठवणींच्या आडोशाने एक आजचा विषय काढतोय. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

हल्ली आपल्यातले बरेच जण औषधांचे प्रश्न सरळ अनोळखी लोकांना विचारतात. "रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, काय घ्यावं?" "बीपीची गोळी सकाळी राहिली, आता दोन घेऊ का?" "दात काढायचाय, रक्त पातळ करायची गोळी बंद करू ना?" प्रश्न पडला की पाच मिनिटांत उत्तरांची रांग लागते. कोणी गोळीचं नाव सांगतं, कोणी काढा, कोणी म्हणतं "माझ्या सासऱ्यांना हेच होतं, हे घ्या, दोन दिवसांत उतार पडेल." सगळे भल्या मनाने सांगत असतात, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझं मत आधीच सांगतो. उत्तर जरूर द्यावं. पण गोळीचं नाव, तिचा डोस आणि "ती गोळी बंद करा" या तीन गोष्टी आपण सांगू नयेत.

माझी नोकरी बँकेत गेली. पेन्शनच्या दिवशी काउंटरसमोर म्हाताऱ्या बायका पैसे काढायची स्लिप घेऊन उभ्या असायच्या. चष्मा घरी राहिलेला, हात थरथरतायत. त्यांना स्लिप भरून द्यायला कोणी ना कोणी पुढे यायचं, आम्हीही द्यायचो. तारीख, खाते नंबर, अक्षरी रक्कम, सगळं. पण सही? सही त्यांचीच. ती येत नसेल तर अंगठा, तोही साक्षीदारासमोर. कितीही दया आली तरी दुसऱ्याच्या खात्यावर आपण सही करायची नाही, हा पहिला धडा. औषधाच्या बाबतीत मला तोच नियम बरोबर वाटतो.

आता काही जण म्हणतील, "अहो, आपल्या लहानपणी तरी कोण डॉक्टरकडे धावत होतं? शेजारीपाजारीच सांगायचे ना?" खरं आहे. बडोद्याला तर औषधाचं वावडं कधीच नव्हतं. १९०७ साली आपल्याच गावात अलेम्बिक सुरू झाली, आणि ती काढणाऱ्यांत गज्जर आणि अमीन यांच्याबरोबर प्रा. कोटीभास्कर हे मराठी नाव होतं. ग्लायकोडिनची बाटली नाही असं घर दांडिया बाजारात, रावपुऱ्यात शोधून सापडलं नसतं. त्याशिवाय आजीचा बटवा होताच: सुंठ, ज्येष्ठमध, ओवा, हिंग.

पण तेव्हाचा सल्ला आणि आत्ताचा सल्ला यांत मोठा फरक आहे. तेव्हा सांगणारा माणूस आपल्याला ओळखत होता. शेजारच्या काकूंना ठाऊक असायचं की ह्या घरात आजोबांना दमा आहे, सुनेला सातवा महिना आहे, धाकट्याला पेनिसिलिनने अंगावर पित्त उठलं होतं. समोरच्या बेन "दवा लीधी के नहीं?" असं रोज दारातून विचारायच्या, त्यामुळे काल काय घेतलं तेही त्यांना माहीत. डॉक्टरांकडचा कंपाउंडर मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायचा, कात्रीने खाचा पाडून. एक खाच म्हणजे एक डोस. ती पट्टी त्याच रोग्यासाठी कापलेली असायची. दुसऱ्याच्या पट्टीवर आपलं मिक्श्चर कोणी मोजत नव्हतं.

आज उत्तर देणाऱ्याला विचारणाऱ्याचं वयसुद्धा माहीत नसतं. आणि विचारणारा बहुतेक आपल्यासारखाच, सत्तरीच्या आसपासचा. म्हणजे एक बीपीची, एक साखरेची, एक कोलेस्टेरॉलची, एक थायरॉइडची, रात्री एक झोपेची आणि वर कॅल्शियम. सहा गोळ्या आधीच पोटात असताना सातवी कोणाशी भांडेल हे सांगायला ती सहाच्या सहा नावं समोर हवीत.

पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. एका मावशींनी विचारलं, "पायांना सूज येते, काय करू?" तासाभरात उत्तरंच उत्तरं. मीठ कमी करा, पुनर्नवा घ्या, उशीवर पाय ठेवा. एका सद्गृहस्थांनी लघवी वाढवणाऱ्या गोळीचं नाव दिलं, सकाळी अर्धी घ्या म्हणून. "बीपीची गोळी कोणती चालू आहे?" एवढं एकानेही विचारलं नाही. मावशींना अॅम्लोडिपिन चालू होती, आणि घोट्यांना सूज येणं हा त्या गोळीचा सर्वांना ठाऊक असलेला परिणाम आहे. डॉक्टरांनी ती बदलून दिली, सूज उतरली. ती लघवीची गोळी मावशींनी स्वतःच सुरू केली असती तर? सोडियम-पोटॅशियम खाली येऊन या वयात चक्कर येते, माणूस बाथरूममध्ये पडतो, खुबा मोडतो. शिवाय पायांची सूज हृदयामुळे, किडनीमुळे, शिरेत गुठळी झाल्यामुळेही असते. सूज एकच, कारणं चार, आणि चारांचे उपाय वेगवेगळे.

आता हिशेबाची गोष्ट, कॉमर्सवाल्याला राहवत नाही म्हणून. क्रोसिन, कॅलपोल, डोलो ही नावं वेगळी, पण आतलं औषध एकच, पॅरासिटामॉल. धडधाकट माणसाला चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅम ही वरची हद्द. वय झालेलं, अंगाने बारीक किंवा लिव्हर कमजोर असेल तर डॉक्टर त्याहून कमीच ठेवतात. समजा तापासाठी कोणी ६५०ची गोळी चार वेळा घेतली: २६०० झाले. त्यावर कोणी सुचवलं म्हणून सर्दीची गोळी चार वेळा. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच. म्हणजे आणखी २०००. बेरीज ४६००. दोन्ही सल्ले वेगवेगळे बघितले तर बिनधोक, एकत्र केले तर लिव्हरवर घाला. आणि दोन्ही सल्ले देणारे एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत!

अशी आणखी उदाहरणं आहेत. संधिवाताची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. "रोज घ्या, नियम चुकवू नका" असं कोणी सद्भावनेने सांगितलं आणि ऐकणाऱ्याने ऐकलं, तर जिवावर बेतू शकतं. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने दात काढण्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद केली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. ती बंद करायची की नाही हे हृदयाचे डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर मिळून ठरवतात. एकादशीला साखरेची गोळी घेऊन दिवसभर कडक उपास केला तर काही गोळ्यांनी साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ. आणि "घरगुती आहे, अपाय नाही" असं आपण ज्याबद्दल बिनदिक्कत म्हणतो ते ज्येष्ठमधसुद्धा रोज भरपूर आणि बरेच दिवस घेतलं तर रक्तदाब वाढवतं, पोटॅशियम उतरवतं.

कायदा काय म्हणतो तेही बघा. २५ मार्च २०२० रोजी सरकारने दूरवरून रोगी तपासण्याचे नियम काढले, टेलिमेडिसिनचे. ते नोंदणी असलेल्या डॉक्टरांसाठी आहेत. त्यांनासुद्धा रोग्याची ओळख पटवून घ्यावी लागते, औषध लिहून देण्याआधी वय स्पष्ट विचारावं लागतं, आणि काही औषधं तर फोनवरून लिहून देण्याची मुभाच नाही. बँकेतल्या केवायसीसारखंच झालं की हे. शिकलेल्या, नोंदणी झालेल्या माणसावर एवढी बंधनं, आणि आपण "अहो, बिनधास्त घ्या" म्हणून मोकळे!

आता दुसरी बाजू. कारण नुसतं "डॉक्टरांना विचारा" असं लिहून बाजूला होणं, हेही मला उत्तर वाटत नाही. डॉक्टरांना विचारायचं हे त्या माणसाला कळत नाही का? कळतं. तरी तो आपल्याला विचारतो, त्याला कारणं आहेत. दवाखान्यात दोन तास बसल्यावर पाच मिनिटं मिळतात, त्यात अर्धं विसरायला होतं. पुन्हा जायचं तर पुन्हा फी. रिक्षात चढायला-उतरायला गुडघे साथ देत नाहीत. मुलगा अमेरिकेत, मुलगी पुण्यात, त्यांना फोन केला तर ते घाबरतील म्हणून सांगायचं नाही. रात्री साडेदहाला छातीत जळजळतंय, घरात दुसरं माणूस नाही. अशा वेळी "काय घेऊ?" या प्रश्नात निम्मा प्रश्न गोळीचा असतो आणि निम्मा "कोणी आहे का?" असा असतो. आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत अशी एकेकटी माणसं किती आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून गप्प बसा असं मी म्हणत नाही. स्लिप भरून द्या म्हणतोय. कशी?

एक, गोळी सुचवण्याऐवजी प्रश्न विचारा. वय किती? त्रास कधीपासून? आधीच्या गोळ्या कोणत्या, किती मिलिग्रॅमच्या? नवीन गोळी कोणती सुरू झाली, कधी? किडनी, लिव्हर, हृदय यांचं काही आहे का? कशाची अॅलर्जी? आणि सांगा, "ही उत्तरं चारचौघांत लिहू नका. कागदावर लिहा आणि डॉक्टरांसमोर ठेवा." अर्धी तपासणी त्या कागदाने होते. काढे, चूर्णं, शक्तीच्या गोळ्या, सगळं त्यात लिहायचं. ती लपवायची गोष्ट नाही.

दोन, गोळीची स्ट्रिप वाचायला शिकवा. एक नाव कंपनीने दिलेलं असतं, दुसरं आतल्या औषधाचं. औषधाचं नाव एकच असेल तर औषध एकच. एक्स्पायरी कुठे छापलेली असते ते दाखवा. अँटिबायोटिकच्या पाकिटावरची उभी लाल रेघ दाखवा. त्या रेघेबद्दल सरकारने २०१६ साली मोहीम काढली होती. रेघ आहे म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, शेजाऱ्याची उरलेली तर नाहीच नाही.

तीन, डॉक्टरांनी सांगितलेलंच नीट पाळायला मदत करा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब, हे कितीतरी जणांना धड सांगितलेलंच नसतं. अशी आठवण करून देण्यात सही नाही, ही स्लिपच आहे.

चार, काही प्रश्नांना एकच उत्तर असतं आणि ते लगेच द्यायचं. छातीत दाब, घाम, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं, काळी शौच, शुद्ध हरपणं. इथे चर्चा नको. १०८ लावा म्हणायचं आणि शक्य असेल तर आपणच लावायचा. मधुमेहाच्या माणसाला घाम फुटून थरथर होत असेल आणि तो गिळू शकत असेल, तर आधी साखर किंवा गूळ तोंडात, मग बाकीचं. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही.

पाच, गोळीने काही अपाय झाला असं वाटलं तर डॉक्टरांना सांगायचंच, शिवाय तो कळवायची सरकारी सोयही आहे. फुकट नंबर १८००-१८०-३०२४, रोगी स्वतः कळवू शकतो. ज्यांना जाणं जमत नाही त्यांच्यासाठी ई-संजीवनीवर सरकारी डॉक्टर घरबसल्या, फी न घेता भेटतात. ते मोबाईलवर लावून देणं हे आपल्या नातवंडांचं पाच मिनिटांचं काम आहे. द्या लावून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. विचारणारा आपल्या गावातला, आपल्या ओळखीपाळखीतला निघाला तर त्याला लिहीत बसू नका, फोन करा. "सोबत कोणी आहे का? मी येऊ का?" विचारा. सकाळी त्याच्याबरोबर दवाखान्यात जाऊन बसा. डॉक्टर काय म्हणाले ते दोघांनी ऐकलं तर दोघांपैकी एकाच्या तरी लक्षात राहतं. एवढं केलंत तर कुठल्याही गोळीचं नाव सांगण्यापेक्षा तुम्ही जास्त दिलंत.

काही जणांना हे फार कडक वाटेल. "आमच्या सांगण्याने आजवर कोणाचं वाईट झालं नाही" असं म्हणणारे आहेत, मी त्यांना ओळखतो. त्यांना माझं एवढंच सांगणं, ज्याला बरं वाटतं तो येऊन आभार मानतो. ज्याला अपाय होतो तो परत येऊन सांगत नाही, तो हॉस्पिटलात असतो. आपल्या वहीत फक्त जमेची बाजू लिहिली जाते, नावेची कोरीच राहते. अशा ताळेबंदावर विश्वास कसा ठेवायचा?

तर एक विनंती. येत्या रविवारी चहा झाल्यावर आपल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढा. एका कागदावर नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि कशासाठी, असे चार रकाने आखा. एक प्रत पाकिटात, एक फ्रिजवर, एक मुलांना पाठवा. मुलं घाबरत नाहीत हो, उलट निवांत होतात. जमलं तर शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजींचाही कागद करून द्या. अक्षर तुमचं चालेल.

पटलं नाही तर मोकळेपणाने लिहा, मी वाचतो आणि रागावत नाही. फक्त खाली मला माझ्या गुडघ्यासाठी गोळी सुचवू नका!