श्रावणबाळाला व्हिसा नाही

वडिलांचा दहावा उरकून पाहुणे चहाला टेकले, की आमच्या बारामती-इंदापूरकडं एक प्रश्न हमखास निघतो. “मग, आता आईला तिकडं नेणार का?” पोरगा हिंजवडीत असला तर ‘तिकडं’ म्हणजे तीन-चार तासांचा रस्ता. पोरगा परदेशात असला तर ‘तिकडं’ म्हणजे नेमकं काय, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याला एवढंच वाटतं, की उत्तर पोराच्या मनात आहे. मनात असेल तर नेईल, नसेल तर बायकोचं नाव पुढं करेल.

हे साफ खोटं आहे. पोरगा ज्या देशात कर भरतो, त्या देशाच्या कायद्यात उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्या कायद्याच्या लेखी आई कुटुंबात मोडत नाही.

‘फॅमिली व्हिसा’ म्हटलं की आपल्याला एका चुलीवर जेवणारी सगळी माणसं आठवतात. कायद्याला नवरा, बायको आणि लहान मुलं एवढीच आठवतात. अमेरिकेत एच-१बीवर गेलेला इंजिनिअर एच-४वर बायकोला आणि एकवीस वर्षांखालच्या मुलांना नेऊ शकतो. आईसाठी तिथं रकानाच नाही. ग्रीन कार्ड मिळालं तरी नाही. आईसाठी अर्ज करायचा तर आधी स्वतः अमेरिकेचा नागरिक व्हावं लागतं. १९६५च्या कायद्यानं प्रौढ नागरिकांच्या आईवडिलांना संख्येच्या मर्यादेतून मोकळं ठेवलं, हे खरं. सत्तरच्या दशकात गेलेल्यांना त्याचा फायदा झाला, आणि त्यांच्या आया न्यू जर्सीत जाऊन राहिल्या. आज त्याच वाटेनं निघालेल्या भारतीयाला नोकरीच्या ग्रीन कार्डाच्या रांगेत दशकं काढायची असतात आणि त्यानंतर नागरिकत्वासाठी आणखी पाच वर्षं. सवलत कागदावर तशीच आहे. आईचं आयुष्य तिला पुरत नाही.

ब्रिटननं जुलै २०१२ मध्ये नियम असा केला, की उठणं, आंघोळ, जेवण अशा रोजच्या गोष्टींसाठी आईला दुसऱ्याचा हात लागत असला पाहिजे, आणि तो हात तिच्या देशात पैसे मोजूनही मिळत नसला पाहिजे. म्हणजे आई धडधाकट असेल तर ती नको. अंथरुणाला खिळली असेल तर तिकडंच एखादी बाई कामाला ठेवा. तिथल्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं, बापिओनं, याविरुद्ध आवाज उठवला. वेगळ्या एका याचिकेत हा नियम अपील कोर्टापुढंही गेला, पण २०१७ मध्ये कोर्टानं तो कायम ठेवला. दिवसभर दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आया तपासणाऱ्या डॉक्टरला स्वतःच्या आईला जवळ ठेवता येत नाही, अशी ही व्यवस्था आहे.

ऑस्ट्रेलियात गणित सोडवावं लागतं. निदान निम्मी मुलं तिथं राहत असली पाहिजेत, किंवा इतर कुठल्याही एका देशापेक्षा तिथं जास्त. एक मुलगी भिगवणला दिली, दुसरी बावड्याला, मुलगा मेलबर्नला. आई नापास. पास झाली तर माणशी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर फी भरून पुन्हा काही वर्षं थांबायचं. कमी पैशांची रांग आहे, पण ती तीस वर्षांच्या आसपास आहे. साठीतली आई नव्वदीत विमानात बसणार. कॅनडात चिठ्ठ्या टाकतात, आणि गेली काही वर्षं २०२० मध्ये नाव नोंदवलेल्यांमधूनच चिठ्ठ्या निघत आहेत. २०२१ मध्ये ज्याचे वडील कोरोनात गेले, त्यानं उशीर केला असं समजायचं.

आणि जर्मनी, जिथं मी राहतो. तिथं १ मार्च २०२४ पासून कुशल कामगारांना आईवडील आणायची मुभा मिळाली. अट अशी, की कामगाराला त्याचा परवाना पहिल्यांदा त्या तारखेनंतर मिळालेला असावा. मी २०२२ मध्ये आलो. म्हणजे दोन वर्षं जास्त कर भरला, हीच माझी अडचण. जे या अटीत बसतात, त्यांच्यापुढं विम्याची भिंत आहे. सरकारी आरोग्यविम्यात बायको आणि मुलं कुटुंब म्हणून जोडली जातात, आई जोडली जात नाही. बीपी आणि शुगर असलेल्या साठीच्या बाईला खाजगी विमा काय भावानं मिळतो, ते कुणीही चौकशी करून बघावं.

आता यातली खरी गंमत बघा. आईला नुसतं भेटायला बोलवायचं असेल, तर तिचं सगळं काही गावातच आहे असं दाखवावं लागतं. जमीन, घर, बँकेतली शिल्लक, जवळची माणसं. अमेरिकेच्या कायद्यात तर व्हिजिटर व्हिसा मागणारा माणूस तिथंच राहायला येतोय असं आधीच धरून चालतात, तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. उलट आईला कायमचं आणायचं असेल, तर ब्रिटनसारख्या ठिकाणी तिला तिकडं बघणारं कुणीच नाही असं दाखवावं लागतं. एकाच बाईनं एका अर्जात भरल्या घरची असायचं आणि दुसऱ्या अर्जात निराधार. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा परदेशात, अशा बाईचा संशय सगळ्यात जास्त, कारण तिला परत ओढणारं मागं काय उरलंय, असं व्हिसा अधिकारी विचारणार. जिला भेटीची गरज सगळ्यात जास्त, तिचाच अर्ज सगळ्यात कच्चा.

या देशांचं म्हणणं असतं, की म्हातारी माणसं आली की दवाखान्यांवर भार पडतो. ठीक, हिशेबच करू. माझं बाळंतपण, लसी, जिल्हा परिषदेची शाळा, बारामतीतलं कॉलेज, इंजिनिअरिंगची फी, हा सगळा खर्च उसाच्या बिलातून आणि इथल्या सरकारच्या तिजोरीतून झाला. परदेशाला बावीस वर्षांचा तयार इंजिनिअर मिळाला, एक रुपयाही न घालता. ज्या बाईनं तो तयार केला, ती दारात आली की मात्र ती खर्च ठरते. पीक न्यायचं आणि बांधावर उभ्या असलेल्या माणसाला ओळख द्यायची नाही, असला हा व्यवहार.

आपलं सरकारही यात कमी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये भारतानं जर्मनीशी स्थलांतराचा करार केला. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवायचा करार केला, दहा हजार तरुणांचा आकडा मोठ्या अभिमानानं सांगितला गेला. तरुणांना जर्मन भाषा शिकवू, म्हणाले. चांगलंच आहे. पण दहा हजार तरुण म्हणजे त्यांच्यामागं वीस हजार आईवडील, आणि आज ना उद्या त्यातलं एक जण मागं एकटं राहणार, हे टेबलावर कुणी मांडलं? माणसं पाठवताना त्यांच्या मागच्या माणसांबद्दल बोलणं हे सरकारचं काम आहे. एकट्या पोरानं व्हिसा ऑफिसच्या खिडकीत ते बोलून काही होत नसतं.

यावर एक ठेवणीतलं उत्तर येतं : “मग परत या की.” येणारे येतातही. पण घराचं कर्ज, बहिणीचं लग्न, वडिलांच्या दवाखान्याचं बिल ज्या पगारातून फिटलं, तो पगार इंदापुरात मिळत नाही, आणि हा सल्ला देणाऱ्यांच्या स्वतःच्या पोरांचे पासपोर्ट तयार असतात.

गावाला मात्र मी साव समजत नाही. आईला परदेशी न नेणारा पोरगा गावाला दिसतो, पण त्याच गावात त्या आईचं काय होतं? १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे, नवऱ्याच्या मिळकतीत मुलामुलींच्या बरोबरीची. सातबाऱ्यावर वारसनोंद लागते तेव्हा तिचं नाव येतंही. मग वर्षभरात कुणीतरी सुचवतं, की तिला कशाला तलाठ्याकडं हेलपाटे, हक्कसोडपत्र करून टाका. मुलगा परदेशात असेल तर ही घाई दुप्पट होते. सही झाली, की ती स्वतःच्या घरात पाहुणी. आता व्हिसाच्या अर्जाला जोडायलाही तिच्याकडं काही उरत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. परिपत्रक पोचलं असेल. हळदीकुंकवाचं बोलावणं काही परिपत्रकानं येत नाही.

आपल्याकडं मुलाला दोन नमुने दाखवतात. एक श्रावणबाळ, ज्यानं आईवडिलांना कावडीत घालून नेलं. दुसरा पुंडलिक, ज्यानं दारात आलेल्या देवाला विटेवर थांबवलं. सगळे ताशेरे श्रावणबाळाच्या नावानं मारले जातात, सरकारी पेन्शन योजनेलाही त्याचंच नाव आहे. पण त्या गोष्टीत आईवडिलांना स्वतःच्या पायांनी कुठं जाता येत नव्हतं, म्हणून कावड होती. माझ्या आईचे पाय शाबूत आहेत. वडील गेल्यापासून तीन वर्षं ऊस तीच बघते. लागणीची नोंद करायला कारखान्याच्या शेतकी ऑफिसात तीच जाते, नीरा डाव्या कालव्याच्या पाळीसाठी तीच भांडते, टोळीच्या मुकादमाशी हिशेब तीच करते. इमिग्रेशनच्या भाषेत अशा बाईला ‘डिपेंडंट’ म्हणतात. फ्रँकफर्टच्या तिसऱ्या मजल्यावर कोंडून, नातवाला सांभाळायला ठेवून आपणच तिला डिपेंडंट करू शकतो, तिकडं नेल्याचं पुण्य पदरात पाडून.

म्हणून मागणी बदला. आईला ‘नेण्याची’ परवानगी मागण्यापेक्षा आईला येण्या-जाण्याचा हक्क मागा. हे अशक्य नाही. कॅनडाचा सुपर व्हिसा आईवडिलांना दहा वर्षांपर्यंत ये-जा करू देतो, आणि २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू देतो. अट एवढीच, की मुलाची कमाई पुरेशी असावी आणि निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा असावा. नागरिकत्व नाही, पेन्शन नाही, तिथल्या तिजोरीवर बोजा नाही. असा व्हिसा जर्मनी, ब्रिटन, अमेरिका देऊ शकत नाही असं नाही. त्यांच्याकडं तो कुणी मागितलेला नाही. माणसं पाठवायचे करार ज्यांना करायचेत, त्यांनी त्यात हे कलम घालूनच सही करावी. आणि परदेशात असलेल्या आपल्यापैकी प्रत्येकानं आईकडून हक्कसोड घेणार नाही, कुणाला घेऊ देणार नाही, एवढं आजच ठरवावं. त्याला कुठल्याही दूतावासाची परवानगी लागत नाही.

माझ्या आईला मी विचारलं, तुला काय पाहिजे. तिचं उत्तर कुठल्याही वकिलापेक्षा सरळ होतं. उसाची बांधणी झाली की यायचं, सहा महिने राहायचं, आणि आषाढीला तुकोबांची पालखी निमगाव केतकीत पोचायच्या आत घरी. शेंगेन व्हिसा तिला कुठल्याही एकशे ऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहू देतो. उरलेल्या तीन महिन्यांसाठी हे भांडण आहे.