मेध्य चिकित्सेपूर्वी स्मृतिपरीक्षा हवी

विस्मरणाची तक्रार घेऊन वृद्ध रुग्ण आला की आपली लेखणी ब्राह्मी, शंखपुष्पीकडे वळते. सहा महिन्यांनी नातेवाईक ‘बरे वाटते’ म्हणतात आणि तेच आपण गुण आल्याचे प्रमाण मानतो. प्रारंभी स्मृती कितपत होती, याची नोंदच नसते. प्रस्तुत लेखकाच्या जुन्या केसपेपरांवरही ती नाही, हे कबूल केले पाहिजे.

वास्तविक, मेधा ग्रहणावरून व स्मृती स्मरणावरून जाणावी, असे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेच आहे. तीन शब्द सांगून काही मिनिटांनी पुन्हा विचारणे याहून निराळे काय? फोल्स्टीन व सहकाऱ्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेली ३० गुणांची परीक्षा सुमारे १० मिनिटांत होते. मात्र तीत वाचन आहे, लेखन आहे, शंभरातून सात-सात वजा करणे आहे. शाळेची पायरी न चढलेली आजी तीत अकारण नापास ठरते. याच अडचणीमुळे हरियाणातील बल्लभगढ परिसरातील निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी निराळी हिंदी परीक्षा बेतली गेली व १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

कमी गुण म्हणजे निदान नव्हे. थायरॉईडचे मांद्य, बी-१२ ची कमतरता, नैराश्य यांमुळेही विस्मरण होते. तेव्हा औषधालयाच्या मालकांनी अशा वृद्धास परस्पर सिरप न देता वैद्याकडे पाठवावे. आणि वैद्यांनी पुनर्परीक्षेत शब्द बदलावेत; तेच ते शब्द रुग्णाला पाठ होतात आणि श्रेय शंखपुष्पीला जाते.