वैमानिकाचा पोशाख

आमच्या विद्यार्थ्यांस वैमानिकाचें चित्र काढावयास सांगितलें, तर चामडी टोपी, मोठा चष्मा आणि केसाळ कॉलरचें जाकीट हीं प्रथम येतात, विमान मागाहून. हा पोशाख ऐटीसाठीं आहे अशी त्यांची समजूत दिसते. आमचें मत उलट आहे. त्याची प्रत्येक शिवण कोणाच्या तरी यातनेंतून निघाली आहे, आणि ती यातना ज्यांनीं नीट निरखली त्यांचीं नांवें शूर वैमानिकांच्या नांवांशेजारीं लिहिलीं पाहिजेत.

१९१४ चें महायुद्ध सुरू झालें तेव्हां वैमानिकाची बैठक उघडी असे. दर हजार फुटांमागें उष्णतामान सुमारें २ अंशांनीं उतरतें; त्यांत समोरून सोसाट्याचा वारा. लोंकर, चामडें, केसाळ कातडीं अंगावर चढवून आणि तोंडास चरबी फांसूनहि बोटें बधिर होत. ब्रिटिश नौदलाच्या विमानदळांत सिडनी कॉटन नांवाचा एक ऑस्ट्रेलियन होता. एका हिंवाळ्यांत इंजिनाचें काम करीत असतांना शत्रूची वर्दी आली, आणि तो तसाच, तेलानें माखलेल्या कामाच्या कपड्यांनिशीं उडाला. खालीं उतरल्यावर सोबती कुडकुडत होते. ह्याला थंडी वाजली नव्हती. दुसरा कोणी दैव म्हणून गप्प बसला असता. कपड्यांतील तेलानें व ओंगणानें वारा अडविला, हें कॉटननें ताडलें. (मळके कपडे पाहतांच मुलांवर रागावणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी.) १९१७ सालीं त्यानें आंत पातळ केसाळ अस्तर, मध्यें वारा न शिरणारें रेशीम व बाहेर घट्ट विणीचें कापड असा एकसंध पोशाख शिवून घेतला. तो ‘सिडकॉट’ दुसऱ्या महायुद्धापर्यंत वापरांत होता.

पुढें विमानांचा वेग वाढला आणि नवें संकट आलें. सूर मारून विमान एकदम वर वळविलें कीं रक्त पायांकडे उतरतें व डोळ्यांपुढें अंधार येतो. कानडांत टोरांटो येथील विल्बर फ्रँक्स हे कर्करोगाचे संशोधक. वेगानें फिरणाऱ्या यंत्रांत कांचेच्या नळ्या फुटत; त्या पाण्यांत ठेवल्या म्हणजे टिकत. तोच न्याय त्यांनीं माणसास लाविला, आणि पोट व पाय आंवळणारा पाणी भरलेला रबरी पोशाख केला. १९४२ सालीं उत्तर आफ्रिकेच्या स्वारींत नौदलाच्या वैमानिकांनीं तो लढाईंत वापरला. हल्लींच्या पोशाखांत पाण्याऐवजीं दाबाची हवा असते.

परंतु पोशाख निर्माण झाला म्हणजे काम संपलें काय? ३ सप्टेंबर १९४० रोजीं रिचर्ड हिलरी ह्या तरुणाचें विमान पेटलें. हातमोजे असूनहि ते त्यानें घातले नव्हते. त्याचे हात व चेहरा भाजला; ईस्ट ग्रिन्स्टेड येथें डॉ. मॅकिंडो ह्यांस त्यावर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. मुलाचा हट्ट, असें कोणी म्हणेल. आम्ही सर्व दोष त्यास देणार नाहीं. जाड हातमोज्यांतून कळीचा व चापाचा स्पर्श बोटांस नीट लागत नाहीं, आणि लढाईंत क्षणाचाहि विलंब जिवावर बेततो. जें घालून काम करतां येत नाहीं तें वस्त्र खुंटीवरच राहणार. तें वापरण्याजोगें करणें हेंहि करणाराचेंच कर्तव्य.

१९६० नंतरच्या दशकांत नोमेक्स नांवाचा, सहजीं न पेटणारा धागा निघाला. वैमानिकांचे हातमोजे त्याचे होऊं लागले, आणि तळव्यास मऊ, पातळ चामडें लावण्यांत आलें, म्हणजे बोटांस कळ लागावी.