ससेहोलपट आणि बसलेला ससा

'ससेहोलपट' हा शब्द आपण माणसांच्या हालांसाठी इतक्यांदा वापरला आहे, की त्यात एक ससा आहे ह्याचा आपल्याला विसरच पडला आहे. मागे कुत्री लागलेला ससा धापा टाकत, दिशा बदलत पळतो, ते कुणीतरी नीट पाहिले असणार. ('ससेमिरा' ह्या शब्दाचा मात्र सशाशी काही संबंध नाही, ती चार श्लोकांची आद्याक्षरे आहेत.) आपल्या वाङ्मयातला ससा असाच सतत काही करत असतो. तो कासवाशी पैज लावतो, पंचतंत्रात सिंहाला विहिरीपर्यंत नेतो, हत्तींना चंद्राचा धाक घालतो आणि शशजातकात अतिथीसाठी अग्नीत उडी घेतो. दार्शनिकांनी तर त्याला शिंग लावून, जे नाहीच त्याचे उदाहरण केले. कोपऱ्यात निमूट बसलेला, दुखणाईत ससा आम्हांला ह्यांत कुठे भेटला नाही.

आमच्या मते ही उणीव केवळ वाङ्मयीन नाही. तिची किंमत घरातल्या पिंजऱ्यातला ससा मोजतो.

मुळात आपल्या कथांमधला ससा हा रानससा. घरी पाळतात तो पांढरा किंवा करडा प्राणी निराळ्या जातीचा. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळे करून राहणारे. इंग्रजीत दोघांना 'हेअर' आणि 'रॅबिट' अशी दोन नावे आहेत, मराठीत एकच. त्यामुळे गोष्टीतल्या सशाचे गुण आपण ह्या परक्या पाहुण्यालाही बहाल करतो. तो चपळ आणि भित्रा असणार, असे धरून चालतो, मग तो हलेनासा झाला की म्हणतो, "किती शांत आहे!"

वस्तुतः ही शांतता बरेचदा पोटाची असते. ससा गवतावर जगतो. गवतातला चोथा त्याच्या आतड्यांना जोडलेल्या एका मोठ्या पिशवीत जंतूंच्या साहाय्याने आंबतो. तिथून येणाऱ्या मऊ लेंड्या तो पुन्हा खातो आणि त्यांतले सत्त्व मिळवतो. ही सारी व्यवस्था अखंड चालू राहावी लागते. गवत कमी पडले, पाणी कमी पडले, दात दुखू लागले किंवा जीव घाबरला, की आतड्यांची गती मंदावते. पोटात वायू धरतो, वेदना होते, वेदनेने अन्नावरची वासना जाते आणि न खाल्ल्याने आतडी आणखी थंडावतात. पशुवैद्य ह्याला 'जीआय स्टेसिस' म्हणतात. सशाला उलटी करता येत नाही. दहा-बारा तास तो खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. पूर्वी पोटातल्या केसांच्या गोळ्याला दोष देत; आता कळले आहे, की बहुधा आतडी मंदावल्यामुळेच केस तिथे साचतात. कार्याला कारण समजण्याची चूक समीक्षेतच होते असे नाही.

आमच्या घरचा ससा एका संध्याकाळी पाठ वाकवून, डोळे अर्धवट मिटून बसला होता. आलेल्या पाहुण्यांनी त्याच्या शहाणपणाचे कौतुक केले. तो अधूनमधून दात करकर वाजवत होता आणि त्याचा ट्रे सकाळपासून कोरडा होता. रात्रीच डॉक्टरांकडे नेले. आतड्यात अडथळा नाही ह्याची एक्स-रेने खात्री करून त्यांनी वेदनाशामक दिले, कातडीखाली सलाइन दिले आणि गवताच्या भुकटीची पेज दर काही तासांनी सिरिंजने तोंडाच्या कडेने भरवायला सांगितले. घरातले कोणतेही अँटिबायोटिक देऊ नका, असेही बजावले. अमॉक्सिसिलिनसारखे औषध पोटात गेले तर उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रेमध्ये चार बारीक लेंड्या दिसल्या. त्या पाहून झालेला आनंद रसव्यवस्थेत कुठे बसवावा, हे दोघांनी मिळून वीस-बावीस वर्षे साहित्यशास्त्र शिकवूनही आम्हांला सांगता येणार नाही.

शिकार होणारा प्राणी दुखणे लपवतो, कारण रानात दुबळा आधी टिपला जातो. त्याला 'मुके जनावर' म्हटले की आपली जबाबदारी मात्र हलकी होते. संहितेतले अनुच्चारित वाचा, असे वर्गात सांगणाऱ्या आम्हां अध्यापकांना हा शब्द इतका सहज वापरता येऊ नये. शेतकऱ्याने तो वापरला तरी त्यावर विसंबून तो राहिला नाही. गाय रवंथ करीत नाही, एवढ्यावरून तो तिचे दुखणे ओळखतो. ही भाषा पिढ्यान् पिढ्यांच्या गोठ्यातल्या राबण्यातून आली आहे. ससा फ्लॅटमध्ये आला तो अलीकडे, आणि तोही चित्रांच्या पुस्तकांतून, हातात गाजर घेऊन. प्रत्यक्षात गाजर गोड; कधीमधी एखादा तुकडा ठीक. त्याचे खरे अन्न म्हणजे अष्टौप्रहर समोर असलेले वाळलेले गवत.

तेव्हा मुलाच्या वाढदिवसाला ससा आणू पाहणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच, की गोष्टीतला ससा गोष्टीत राहू द्यावा. आणायचाच असेल, तर आधी गवताची सोय करावी, सशावर उपचार करणारा पशुवैद्य शोधून ठेवावा आणि रोज सकाळ-संध्याकाळ लेंड्या पाहाव्यात. बसलेल्या सशासाठी मराठीत शब्द यायचा असेल, तर तो असे पाहणाऱ्यांकडूनच येईल.