जत्रेतून पोरं उचलणाऱ्या गावित बहिणी : सहा वर्षं कुणाला कळलं कसं नाही?

मांजर्ली : म्हसा यात्रेला आपल्याकडचे लोक बायका-पोरं घेऊन जातात. तिथं स्पीकरवर पुकारा होतो, लाल शर्टवाला मुलगा हरवलाय. बहुतेक पोरं सापडतात. पण १९९० ते १९९६ या काळात महाराष्ट्रात काही पोरं परत आलीच नाहीत. ती अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे, सीमा गावित यांच्या हाती लागली होती.

मायलेकींचा धंदा पाकीटमारीचा. एसटी स्टँड, देवळं, जत्रा, जिथं गर्दी तिथं त्या. कडेवर लेकरू असलं की बाईवर संशय येत नाही आणि सापडली तरी लोक दया करतात, हे त्यांनी हेरलं. म्हणून गरिबाची पोरं उचलायची, चोरीला वापरायची आणि अडचण झाली की मारायची. पहिलं पोर कोल्हापूरच्या एका भिकारणीचं. सीमा चोरी करताना पकडली गेली, तेव्हा गर्दीचं लक्ष उडवायला अंजनाबाईने ते जमिनीवर आपटलं. नंतर त्याचा जीवच घेतला.

१३ मुलं पळवल्याचा आणि ९ खुनांचा आरोप झाला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत ५ खून टिकले.

मग एवढी वर्षं त्या मोकळ्या कशा राहिल्या? एक पोर एका शहरातलं, दुसरं दुसऱ्या. एका ठाण्याचा कागद दुसऱ्या ठाण्यात पोचत नव्हता. भिकारणीच्या पोराची चौकशी कोण करणार? त्या सापडल्या १९९६ च्या अखेरीस, अंजनाबाईच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोमुळे. तिची मुलगी गेली होती आणि संशय कुणावर, हे तिने पोलिसांना सांगितलं. पुढे रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाई खटल्याआधीच कोठडीत मेली.

बहिणींना २००१ मध्ये कोल्हापूरच्या कोर्टाने फाशी दिली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. राष्ट्रपतींनी दया अर्ज फेटाळला २०१४ मध्ये. फाईल जवळपास ८ वर्षं टेबलांवर फिरली. याच उशिरामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. म्हणजे पोरं गेली तेव्हा उशीर आणि शिक्षेच्या वेळीही उशीरच.

आपल्याला हे नवीन नाही. २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनच्या रुळांवर लोक उतरले, त्यात तक्रार घ्यायला झालेल्या दिरंगाईचाही राग होता.

म्हणून मंडळी, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मूल हरवलं तर "उद्या बघू" ऐकून परत फिरू नका. हरवलेल्या मुलाचा गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. हद्दीचं कारण चालत नाही, कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. ११२ किंवा १०९८ ला फोन करा, मुलाचा ताजा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपवर "पोरं पळवणारी टोळी आली" वाचून कुणावर हात टाकू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेने ५ निरपराध भिक्षेकरी ठेचून मारले गेले. संशय आला तर पोलिसांना बोलवा, आणि ते येईपर्यंत त्या माणसाला मारू देऊ नका.