कच्चं लिंबू आणि प्रमाणपत्र

शाळा सुटली की आपल्या वस्तीतल्या बोळात डाव मांडला जातो. भिंतीवर विटकरीने ओढलेल्या तीन रेघा म्हणजे स्टंप. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग, हा तिथला पहिला कायदा. समोरच्या घरात चेंडू गेला तर आऊट, कारण त्या घरात रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असतो. एक टप्पा पडून एका हातात झेल आला तरी आऊट. गडी कमी पडला तर एक जण दोन्हीकडून खेळतो. आणि सर्वांत धाकटा जो हट्ट धरून येतो, तो 'कच्चं लिंबू'. त्याला बाद करायचे नाही, पण हाकलायचेही नाही.

आपण घरातून ओरडतो, "काय उंडारतोस दिवसभर?" पण वाचकहो, त्या बोळात काय चालले आहे ते एकदा नीट बघा. पंच नाही, सर नाहीत, छापील नियम नाहीत. रोज भांडण होते आणि रोज ते मिटते. मिटवावेच लागते, कारण बॅटवाला रुसून घरी गेला तर सगळ्यांचाच खेळ संपतो.

ज्याँ पियाजे नावाचे स्वित्झर्लंडचे मोठे मानसशास्त्रज्ञ होते. ते गोट्या खेळणाऱ्या पोरांमध्ये बसत आणि त्यांना नियम विचारीत. १९३२ साली त्यांचा ग्रंथ आला. त्यात त्यांनी दाखवले की लहान मुलांना नियम म्हणजे थोरामोठ्यांनी घालून दिलेली, न बदलणारी गोष्ट वाटते. दहा-अकरा वर्षांची झाली की त्यांना कळू लागते की नियम आपण संमतीने पाळतो आणि सर्वांच्या संमतीने ते बदलताही येतात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा धडा बराच उशिरा येतो!

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ जे कोकली यांनी मुलांचे दोन्ही प्रकारचे खेळ पाहिले, आपापले मांडलेले आणि मोठ्यांनी भरवलेले. आपापल्या खेळात मुलांना हालचाल हवी असते, आपल्याला वाव हवा असतो, सामना अटीतटीचा हवा असतो आणि दोस्ती टिकायला हवी असते. मोठ्यांच्या खेळात नियम, ठरलेली जागा आणि निकाल यांना महत्त्व येते. बोळात कच्च्या लिंबालाही बॅट मिळते. संघात तोच मुलगा राखीव म्हणून बसून राहतो.

मग ॲकॅडमीच्या नादी लागूच नये का? तसे मी म्हणणार नाही. बोळातल्या खेळाचे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि कष्टकऱ्यांच्या घरात प्रमाणपत्राला किंमत आहे. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ते संघटित स्पर्धेत नाव नोंदलेल्यालाच मिळते. पण त्या स्पर्धेपर्यंतची वाट फी, किट, बूट आणि रविवारच्या गाडीभाड्यावरून जाते. मोकळ्या जागांवर जाळ्या लावून तासाच्या भाड्याने खेळ चालतो, तिथे आपल्या पोराने बाहेरून बघायचे. म्हणजे ज्याच्या वडिलांकडे पैसा, त्याचीच बॅटिंग.

बॅटिंग कोणाची, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पळवणकर बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर ते खेळपट्टीची देखभाल करीत आणि साहेब लोकांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी टाकीत. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्यावाचून गोऱ्यांना हरवणे जड होते. मैदानात सोबत खेळायचे, आणि चहाच्या वेळी त्यांचा चहा बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात! १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचा कप्तान म्हणून त्यांची निवड कधीच झाली नाही. ते पद त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. (बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, हे आपल्यातल्या जुन्या माणसांना टोचते. पण त्यामुळे मैदानावरचा त्यांचा पराक्रम कमी होत नाही.)

बाळूंना बोळाने मोठे केले नाही. तेव्हाच्या गावगाड्यात खेळही विटाळ पाळूनच होत असणार. धावफलकावर मात्र बळी मोजले जात आणि ते कोणाला पुसता येत नव्हते. संघटित खेळाची खरी ताकद ही. तिथे कप्तान कोणाला करायचे हे मात्र धावफलक ठरवत नाही, निवड करणारे ठरवतात.

आता माता-भगिनींना एक विचारते. बोळातल्या त्या डावात आपली मुलगी कुठे असते? लहान असते तोवर लंगडी, लगोरी खेळते. अकरा-बारा वर्षांची झाली की पाण्याचा हंडा आणि कडेवर धाकटा भाऊ. तिला कोणी 'खेळू नको' म्हणत नाही, तिला वेळच उरत नाही. पोरांची लोकशाही एवढी गोड, पण त्यांच्या सभेत तिला जागा नाही. म्हणून मुलींच्या बाबतीत मी ठामपणे संघाच्या बाजूने आहे. शाळेचा संघ असला, संध्याकाळी पाच ते सहा अशी सरावाची वेळ ठरलेली असली, तर आईला तो एक तास सोडावा लागतो. कबड्डीला तर बॅटही लागत नाही. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत महिलांची कबड्डी प्रथमच आली आणि भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकले.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे असे लिहिले आहे. त्याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमली, त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया. तुमच्या मुलांच्या शाळेतली ही समिती कोणाची आहे, ते विचारा. पुढच्या बैठकीला दोघी-तिघी मिळून जा, आणि शाळा सुटल्यावर मैदानाचे फाटक कोण बंद करतो व मुलींसाठी ते आठवड्यातून किती दिवस उघडे राहील, एवढे लिहून घ्या.