डोंगलविना आमचे मॅटर उघडू द्या

मराठी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांच्या संचालकांस,



२२ वर्षे मी मराठी पुस्तकांचे डीटीपी करतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची मोफत अपडेट थांबवली. विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था माझ्या कॉम्प्युटरमध्ये नाही. मशीन मात्र ठणठणीत आहे, ते भंगारात का घालू? मी त्यावर लिनक्स टाकले आणि तुमच्या प्रोग्रॅमसाठी वाइन.

१९९३ पासून घडत आलेले हे वाइन विंडोज आणत नाही. प्रोग्रॅम विंडोजकडे फाइल मागतो, खिडकी मागतो. वाइन ती मागणी लिनक्सला कळेल अशी करून पुढे पोचवते. तुमचा प्रोग्रॅम उघडला, मेनू दिसले, आणि मग पाटी आली: डोंगल सापडत नाही. पैसे मोजून घेतलेले डोंगल, म्हणजे लायसन्सची ती चावी, समोर यूएसबीत लावलेले होते! पण त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये बसणारा, आणि तसले ड्रायव्हर वाइनमध्ये सहसा चालत नाहीत. म्हणजे अडला तो प्रोग्रॅम नव्हे, त्याचे कुलूप.

कुलपाआड आहे ते आमचे मॅटर, म्हणजे जुळवलेला मजकूर. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आमची जुनी पुस्तके तुमच्या फॉन्टांत आहेत. तिथे रोमन अक्षरांच्या जागांवर काना, वेलांटी, अर्धा श बसवलेला. फॉन्ट नसला की कादंबरीच्या जागी इंग्रजी अक्षरांची रास उरते. युनिकोडमध्ये न्यायचे तर कोणत्या जागी काय आहे याचा तक्ता हवा, आणि तो तुमच्याकडेच आहे. तक्त्याविना अंदाजाने केलेल्या रूपांतरात पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार भलतीकडे बसतो. माझ्या एका प्रुफात सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ झाल्या. असे ३०० पानांत डोळ्यांनी शोधायचे.

एका दिवंगत लेखकाच्या मुलीला वडिलांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची आहे. फाइल माझ्याकडे सीडीवर आहे. मी त्यांना ‘थांबा’ म्हटले आहे.

जुन्या ग्राहकांना डोंगलऐवजी लायसन्सची साधी फाइल द्या. नवी आवृत्ती बाजारात आणण्याआधी एकदा वाइनवर चालवून पाहा. आणि तेवढेही जमणार नसेल, तर जुन्या फॉन्टांचे तक्ते तरी सगळ्यांसाठी खुले करा.

आपला,
एक जुना ग्राहक